खारीचा वाटा

पहिल्यांदा तिनं शू केली ती अण्णांच्या बॅगेवर.
कळव्याहून आलेली रेक्झिनची बॅग, पाणी खात्यातली,
बंदावर किल्ली अडकवायचा हूक अजून तसाच.
मग पायपुसण्यावर. मग सोफ्याच्या कोपऱ्यात.
मग नेमकी माझ्या इस्त्रीच्या कपड्यांवर.
चौदा वर्षांत खारी कधी चुकली नव्हती.

सीवूड्सच्या डॉक्टर तांडेलनी पोट चाचपलं,
लघवी तपासली, सोनोग्राफी केली.
खडा नाही, जंतू नाही, साखर नाही.
ताण आहे, म्हणाल्या.
हिला कसला ताण? हप्ते तर मी भरते.
त्या हसल्या नाहीत.
घरात काय बदललं?

अण्णा आले.
कळव्याची चाळ पाडायला घेतली, म्हणून आले.
त्यांच्याबरोबर त्यांची लोखंडी कॉट आली,
आणि कॉटला जागा हवी म्हणून वाळूचा ट्रे
मी सरकवला बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे.
मशीन पिळायला लागलं की अंगात आल्यासारखं घुमतं.
ट्रेची कड वीतभर उंच. खारीचे गुडघे धरलेले.
विचारलं नव्हतं मी तिला.
तसं अण्णांनाही नव्हतं विचारलं.

ट्रे होता तिथे परत ठेवा. आणखी एक ठेवा, दुसऱ्या टोकाला.
कड बुटकी हवी. फिनेल बंद, मांजराला बाधतं,
वास मुळापासून काढणारी ही बाटली घ्या.
आणि ओरडू नका.
तिला कळतं का, चुकलं ते?
तुमचा आवाज कळतो, म्हणाल्या डॉक्टर.

अण्णा चौतीस वर्षं व्हॉल्व्हमन.
रात्री दोनला रस्त्यावर सळई टेकवून,
सळईला कान लावून
डांबराखालची गळती ऐकणारा माणूस.
गळणारा पाइप बोलतो, म्हणायचे,
आपण फक्त गप्प बसायचं.
आता म्हणायचे, घराची मुतारी केलीये या मांजरीनं.

गुरुवारी पहाटे कॉटवर ओल.
"तुझ्या मांजरीनं परत केलं बघ,"
भिंतीकडे तोंड करून.

खारी दहा वाजल्यापासून माझ्या खोलीत होती,
कडी लावलेली,
माझ्या पोटऱ्यांवर पाट्यासारखी पडलेली.

"हो," मी म्हटलं. "म्हातारी झालीये."

चादर बदलली. गादीवर तीच बाटली मारली,
मांजराचं चित्र असलेली.
अण्णा लेंगा बदलून आले,
म्हणाले, चहा टाकतेस का.

दुपारी त्यांनी हॅक्सॉ मागितला.
शेजारच्या बेबीताई घरतांकडून आणून दिला.
कपड्यांचा जुना टब उलटा घातला मांडीवर,
एका बाजूची कड चार बोटं ठेवून कापली,
कानशीनं घासली, हात फिरवून पाहिली,
पुन्हा घासली,
वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली.
"पोटाला लागायला नको तिच्या."
तोवर त्यांनी खारीला बोटही लावलं नव्हतं.

कॉट मी हलवली. आता तिथून संडास सहा पावलं.
गादीखाली रबरी शीट घातलं, मांजरीपासून गादी वाचावी म्हणून.
खारी गेले तीन आठवडे चुकलेली नाही.
तरी आठवड्यातून एखाद्या पहाटे
तिच्या नावावर एक चादर मशीनला जाते.
ती खिडकीत बसून पंजा चाटते,
तक्रार नाही.

काल पॅसेजमध्ये एक बारका दिवा लावला.
"हा कशाला?"
"खारीला अंधारात नीट दिसत नाही हल्ली."
अण्णा दिव्याकडे बघत राहिले.
"मांजरीला."
"हो."
"अंधारात."
"वय झालं ना, अण्णा."
"बरं," म्हणाले. "राहू दे मग."

रात्री पावणेतीनला
सहा पावलं. कडी. पाणी. सहा पावलं परत.
मी कान लावून पडलेली, श्वाससुद्धा हळू.
मग कापलेल्या टबात
कुणीतरी वाळू उकरायला लागलं,
पुष्कळ वेळ,
अगदी काळजीपूर्वक.